शिट्टीवर पाठवलेलं पत्र

हे कोणालाही खरं वाटणार नाही, एवढं मी आधीच सांगून ठेवतो. मलासुद्धा पहिल्यांदा ऐकताना खरं वाटलं नव्हतं, आणि सांगणारा मीच होतो. तेव्हा ज्यांना विश्वास ठेवायची सवय नाही त्यांनी खुशाल उठावं, मी रागावणार नाही. फक्त जाताना पंखा बंद करू नये.

झालं असं, की त्या दिवशी आम्ही सगळे ताईकडे जेवायला जमलो होतो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, नुकतंच लग्न झालेलं, आणि नवे जावईबापू पहिल्यांदाच सवडीने घरी आलेले. जावईबापू सर्व्हर सांभाळायची नोकरी करतात, म्हणजे माझ्याच धंद्यातले. फरक इतकाच, की मी आयुष्यभर सर्व्हरच्या खोलीत बसलो आणि ह्यांना आपला सर्व्हर कुठल्या समुद्रापलीकडे आहे तेही ठाऊक नसतं. जेवण झालं, बाहेरच्या खोलीत येऊन टेकलो, आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी विचारलं, की मामा, हिचा जन्म म्हणे भर समुद्रात एका खडकावर झाला?

भाचीने कपाळाला हात लावला. तिला माहीत होतं, आता दिवेलागणीपर्यंत सुटका नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीत दाजी बसले होते. दाजी म्हणजे ताईचे यजमान, भाचीचे वडील. अलीकडे त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र खुपतं म्हणून ते खिशात असतं. पण कोणी आपल्याकडे पाहिलं की ते हसून मान डोलवतात. साक्षीदार असावा तर असा. ताई आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणजे मैदान मोकळं होतं.

मी म्हटलं, झाला, खडकावरच झाला, आणि त्या बाळंतपणात निम्मी सुईण मी होतो. जावईबापू नव्या जावयाने हसावं तितपत हसले. मला तेवढं पुरे होतं.

मी तेव्हा हवामान कचेरीत टपाल सांभाळायचो. कागदाचं टपाल शिपायाकडे, ई-मेलचं माझ्याकडे. सगळे मला टपालआप्पा म्हणत. माझं खरं नाव विचारलं असतं तर कचेरीत कोणालाच सांगता आलं नसतं, पगार देणाऱ्यालासुद्धा. आमची केंद्रं लांब लांब विखुरलेली, डोंगरमाथ्यांवर, वाळूत, समुद्रातल्या खडकांवर. तिथली माणसं वारा किती, हवेचा दाब किती, ढग कसले, ते रोज मेलने कळवत, आणि आकडे लिहून झाले की खाली दोन ओळी घरच्या. कोणाची दाढ ठणकतेय, कोणाचं कुत्रं हरवलंय, कोणाला रात्री झोप लागत नाही. ते सगळं माझ्या सर्व्हरमध्ये येऊन साठायचं. पुसायचं कोणी काही नाही. साहेबांचा तसा हुकूमच होता, की आज जे हवामान आहे ते उद्या इतिहास आहे.

सगळ्यांत लांबच्या खडकावर ताई आणि दाजी होते, दोघंही निरीक्षक. एक दगडी घर, एक वारा मोजायचं चक्र, एक रेडिओचा खांब आणि चहूकडे पाणी. ताईच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले होते, आणि दोनदा ती रिकाम्या हातांनी परत खडकावर गेली होती. त्यामुळे ह्या तिसऱ्या खेपेला आम्ही सगळे दबक्या आवाजात बोलायचो, मोठ्याने बोललं तर काही बिनसेल अशा धास्तीने. इस्पितळ ठरलं होतं, डॉक्टरीणबाई ठरल्या होत्या, आणि ताईला आणायला पुढच्या आठवड्यात नाव जायची होती. ताईने मला कळवलं होतं, "ह्या वेळी नाही झालं तर पुन्हा नाही रे. माझ्यात आता तेवढा जीव नाही." एवढंच एक वाक्य, वाऱ्याच्या वेगाखाली.

इकडे कचेरीत नवा सर्व्हर आला होता. जुना कपाटाएवढा. अंगाने कायम गरम, त्यामुळे पावसाळ्यात लोक त्याच्यावर मोजे वाळत घालायचे आणि माझा चहा त्याच्या डोक्यावर ठेवला की अर्धा तास निवायचा नाही. आत पत्र आलं की त्याची डिस्क कुरकुरायची, आणि त्या कुरकुरीवरून पत्र कोणाचं ते मी न बघता सांगायचो. साहेबांचं पत्र जिना चढणाऱ्या माणसासारखं धापा टाकत यायचं. हिशेबाच्या बाईंचं टाचा वाजवत. ताईचं पत्र आलं की डिस्क जरा थांबायची, मग एका दमात लिहायची. जावईबापू म्हणाले, मामा, डिस्कला पत्र कोणाचं ते कळत नाही. मी म्हटलं, डिस्कला कुठे, मला कळायचं.

नवा सर्व्हर जाडजूड पुस्तकाएवढा. त्याला बघून मला प्रश्न पडला, की इतक्या वर्षांची इतक्या माणसांची बोलणी ह्या एवढ्याशा डब्यात मावायची कशी. आणि नुसतं उचलून तिकडे ठेवायचं असतं तर गोष्ट वेगळी. जुन्याची पद्धत अशी, की एका माणसाची सगळी पत्रं एकाच फायलीत, एकाखाली एक. पहिल्या दिवसापासून आजपर्यंत एकच लांबलचक पट्टा. नव्याची पद्धत निराळी. प्रत्येक पत्र सुटं, प्रत्येकाची फाईल वेगळी. म्हणजे प्रत्येकाचा पट्टा उलगडायचा, एक पत्र कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते पाहून कापायचं, आणि एकेक पत्र उचलून नव्या घरात नेऊन ठेवायचं. हे काम करायला एक प्रोग्राम होता. मी सकाळी लवकर जाऊन दोन्ही सर्व्हरच्या मध्ये केबल लावली, दार आतून लावून घेतलं, आणि बटण दाबलं.

मंडळी, मी पुष्कळ काही बघितलंय. वीज पडताना बघितलीय, व्हेल मासा बघितलाय, साहेबांना हसताना बघितलंय. पण त्या सकाळी जे बघितलं त्याला तोड नाही. पडद्यावरून पत्रांचे विषय वर सरकू लागले, आधी सावकाश, मग असे, की एखाद्या रानातली सगळी पाखरं एकदम उठावीत. मी बसलो होतो तो उभा राहिलो. बसून बघण्यासारखं ते नव्हतंच. कोणाची रजा, कोणाची माफी, कोणाचं बारसं, कोणाचं दुखणं. जी माणसं गेली, ज्यांच्या जागेवर दुसरी आली, ज्यांची नावं मीही विसरलो होतो, ती सगळी रांगेने माझ्यासमोरून चालली होती आणि प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. डोंगरमाथ्यावरच्या एका म्हाताऱ्याने जन्मभर नुसता वाऱ्याचा वेग कळवला होता. त्याची पत्रं जायला लागली तशी बंद खोलीत झुळूक आली. मी वाढवून सांगत नाही; टेबलावरचे कागद उडाले, ते मी दोन्ही हातांनी दाबून धरले.

केबल फुगली. आधी बोटाएवढी होती, ती मनगटाएवढी झाली, आणि एके ठिकाणी चक्क गाठ आली. बघतो तर साहेबांनी कोणे एके काळी साऱ्या किनाऱ्याचा नकाशा अटॅचमेंट म्हणून धाडला होता, तो अडकलेला. साप उंदीर गिळतो तसा तो मी हाताने चेपत चेपत पुढे सरकवला. दुपारच्या सुमाराला जुना सर्व्हर रिकामा झाला. त्याला आत आणायला चार हमाल लागले होते. मी एका बोटाने त्याचा कोपरा उचलला आणि खालची धूळ झाडून घेतली.

"मामा," जावईबापू अगदी हळू म्हणाले, "डेटाला वजन नसतं."

"तुमच्या नसेल," मी म्हटलं. "आमची माणसं मनापासून लिहायची."

भाची खुदकन हसली, आणि जावईबापू एक पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसले. तेव्हाच मी ओळखलं, गडी अडकला.

आता इथे एक घोळ झाला होता, तो मला लगेच कळला नाही. प्रत्येक पत्राला सर्व्हर एक ओळखीचा नंबर देतो. पलीकडचा कॉम्प्युटर ते नंबर लक्षात ठेवतो. हा नंबर मी नेलाय, हा नेला नाही, असं पाहून फक्त नवीन पत्रं उचलतो. त्या प्रोग्रामने पत्रं नव्या घरात ठेवताना सगळ्यांना नवेकोरे नंबर दिले. झालं. साऱ्या कॉम्प्युटरांना वाटलं, हे काहीतरी भलतंच ताजं टपाल आलंय. आणि इतक्या वर्षांची जुनी पत्रं एका दुपारी सगळ्यांकडे नव्याने यायला लागली, सगळ्यांत जुनं सगळ्यांत आधी.

"नंबर बदलले?" जावईबापूंचा आवाज चढला. ही चूक त्यांच्याही धंद्यात माणसाची झोप उडवते.

"प्रोग्रामने बदलले."

"पण प्रोग्राम चालवला कोणी?"

मी भाचीला म्हटलं, जावईबापूंना पाणी आण.

कचेरीत तर धमाल उडाली. हिशेबाच्या बाईंना केव्हाच्या बढतीचं पत्र पुन्हा आलं, त्या पुन्हा तितक्याच रडल्या. शिपायाला मुलीच्या लग्नाची रजा मंजूर झाल्याचं कळलं. मुलीला आता दोन मुलं, पण मंजूर झालेली रजा सोडायची कशाला म्हणून तो घरी गेला. आणि साहेब. साहेबांना तिसऱ्या मजल्यावरच्या तातडीच्या सभेचं बोलावणं आलं, तारीख न बघता ते उठून गेले. त्या खोलीत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात. आत जाऊन बघतात तर आणखी तिघं तिथे येऊन बसलेले. तेव्हा ती सभा अर्धवट तहकूब झाली होती, ती त्यांनी त्या खुर्च्यांवर बसून पुरी केली आणि ठराव करून उठले. तो ठराव अजून लागू आहे.

मी हे सगळं बघून हसत होतो. आणि तेवढ्यात खडकावरून दाजींचा मेल आला: कळा सुरू झाल्या.

माझं हसू तिथेच वाळलं. खिडकीबाहेर बघितलं तर धुकं. असं धुकं, की समोरच्या घराची भिंत कोणीतरी पुसून टाकलेली. मी नाववाल्याकडे धावलो, तो म्हणाला, मला माझी नाव दिसत नाही, तुझ्या बहिणीचा खडक कुठून दिसणार. रेडिओवर बोलायला गेलो तर आवाजाच्या चिंध्या होत होत्या, "ताई" म्हटलं तर पलीकडे नुसती खरखर. मेलही त्याच रेडिओवरून जायचा, पण मेल हट्टी असतो. त्याचा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागतो, पुन्हा हरवला तर पुन्हा मागतो. तेव्हा खडकाशी बोलायची तीच एक वाट उरली होती, आणि ती वाट माझ्या खोलीतून जात होती.

डॉक्टरीणबाई स्वतः कचेरीत आल्या. उंच बाई, शब्दाला महाग. माझ्या खुर्चीत बसल्या, चष्मा चढवला आणि मला म्हणाल्या, की आधीच्या तपासणीत मला बाळाच्या मानेशी नाळ असल्याची शंका आली होती. बोलले नव्हते, उगाच घाबरवायचं कशाला म्हणून. मग त्यांनी लिहिलं. डोकं बाहेर आलं की थांब, जोर करू नकोस. बोट मानेभोवती फिरवून बघ. नाळ हाताला लागली तर सैल करून डोक्यावरून काढ. नाळ ओढायची नाही. ओढायची नाही हे त्यांनी दोनदा लिहिलं, आणि पत्र पाठवलं.

पाठवलं ते नव्या सर्व्हरमध्ये ताईच्या नावावर नीट जाऊन उभं राहिलं. रांगेच्या शेवटी. त्याच्यापुढे ताईला आलेली इतक्या वर्षांची सगळी पत्रं, पुन्हा एकदा नवीकोरी होऊन, खडकाकडे निघालेली. आणि खडकाची वाट कसली म्हणता, सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवावा तसली. एक पत्र जायचं, मग दम खायचा, मग दुसरं. शहरातल्या कॉम्प्युटरांना सगळा ढीग गिळायला चहा पिण्याइतका वेळ लागला होता. खडकाला दिवस उलटला तरी पुरला नसता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग ती पुढची पत्रं काढून टाका. मी त्यांना सांगितलं, बाई, ताईची टपालपेटी आता आतून कडी लावलेली आहे. खडकाचा कॉम्प्युटर पत्रं न्यायला आत शिरलाय. तो बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या कोणाला हात घालता येत नाही. बळेच वाट तोडली तर त्याला वाटेल, आपण काहीच नेलं नाही, आणि पुन्हा जोडल्यावर तो पहिल्या पत्रापासून सुरुवात करेल. मी जावईबापूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"हे मात्र अगदी खरं आहे," ते भाचीला म्हणाले. जणू बाकीच्याबद्दल त्यांनी अजून काही ठरवलं नव्हतं.

खडकावरून इकडे येणारे मेल सुरळीत येत होते. ती वाट वेगळी. त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते आम्हांला कळायचं आणि आमचं एक अक्षर तिकडे जायचं नाही. दाजींनी कळवलं, डॉक्टरांचं पत्र कुठे आहे, इथे तर तुमच्या आईचं आलंय. आमची आई जाऊन तेव्हा चार पावसाळे झाले होते. पुढचं आलं ते आईचंच. मग माझं एक, बाबांच्या आरामखुर्चीवरून मी ताईशी भांडलो होतो तेव्हाचं. मग खडकावरच्या नेमणुकीचं.

त्यानंतर पलीकडे जे झालं ते मला मागाहून दाजींनी सांगितलं. विचारा त्यांना. मी त्यांच्याकडे पाहिलं, दाजींनी हसून मान डोलवली.

दाजी प्रत्येक पत्र उघडायचे, डॉक्टरीणबाईंचं असेल म्हणून. नसायचं. पण उघडलंय तर मोठ्याने वाचायचे, कारण ताईने सांगितलं होतं, वाचा, गप्प बसू नका, तुमच्या गप्प बसण्याची मला भीती वाटते. म्हणून कळ यायची, ती दात आवळून थांबायची, कळ जायची, आणि दाजी पुढचं पत्र घ्यायचे. आईने विचारलेलं, तिथे समुद्र रात्री फार ओरडतो का. कोणा मैत्रिणीने लिहिलेलं, परत ये, तिथे माणूस वेडं होईल. मग पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हाचं, ज्यात ताईला सगळ्यांनी आशीर्वाद धाडले होते. आणि त्याच्या पाठोपाठची, ज्यांत कोणालाच काय लिहावं ते सुचलं नव्हतं. ती दाजींना वाचवेनात. ताई म्हणाली, तीही वाचा.

विचार करा मंडळी. बाहेर काही नाही, नुसतं पांढरं. समुद्राचा आवाज येतोय पण समुद्र नाही. आणि त्या खोलीत एका बाईचं सारं आयुष्य पहिल्यापासून, एकेक पत्र करत, आजच्या दिवसाकडे चालत येतंय. एकीकडून ती वर्षं येतायत, दुसरीकडून बाळ येतंय. आधी कोण पोचणार? मी कचेरीत पडद्यासमोर उभा होतो, ताईच्या पेटीतला आकडा उतरताना बघत होतो, आणि माझ्या अंगावर काटा उभा होता तो आजही बसलेला नाही.

दाजींचा मेल आला: फार वेळ नाही.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मंडळी, मला ते एकदम सुचलं.

आमच्या कचेरीत रेडिओपाशी एक पेटी होती. ती पत्राच्या अक्षरांची शिट्टी करायची, कर्कश, वर-खाली होणारी. शिट्टी रेडिओवरून जायची, आणि खडकावरची तसलीच पेटी तिची पुन्हा अक्षरं करायची. मी ती शिट्टी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो. जेवताना ऐकली, डुलकी घेताना ऐकली. पाळण्यातलं पोर आईची भाषा शिकतं तशी ती माझ्या कानांत भिनली होती. आणि मला हेही ठाऊक होतं, की दोन पत्रांच्या मध्ये पेटी श्वास घेते. अगदी एवढासा. त्या फटीत जर कोणी बरोबर सुरात शिट्टी घातली, तर पलीकडच्या पेटीला वाटणार, हे पुढचं पत्र.

मी रेडिओची तार पेटीतून उपसली आणि ओठांशी धरली.

"मामा," जावईबापू म्हणाले, "माणसाला एवढ्या वेगाने..." आणि थांबले. मग स्वतःशीच म्हणाले, वेग अगदीच कमी असेल तर, फारच कमी असेल तर... भाचीने त्यांना कोपर मारून गप्प केलं.

डॉक्टरीणबाई एकेक शब्द सांगत होत्या आणि मी तो शिट्टीवर सोडत होतो. "डोकं" बरं गेलं. "थांब" जाताना खिडकीच्या काचा झिणझिणल्या. "बोट" म्हणताना गल्लीतल्या कुत्र्यांनी ओ दिली, मला क्षणभर धास्ती वाटली, की त्यांचंही काही पत्रात गेलं की काय. सारी कचेरी दारात येऊन उभी राहिली होती. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. कोणी खोकलं नाही. बाहेर धुक्यात समुद्रपक्षी ओरडत होते तेही थांबले. आता आलं ते वाक्य: नाळ ओढायची नाही. इथे चूक झाली, "नाही" वाटेत गळलं, तर सगळंच संपलं. माझे ओठ फाटले होते, तोंडाला रक्ताची चव येत होती. मी दम घेतला आणि "नाही" असं वाजवलं, की म्हणतात, जे जहाज तेव्हा त्या धुक्यात चाललं होतं त्याच्या कप्तानाने इंजिन बंद केलं. मग डॉक्टरीणबाईंनी एक बोट वर केलं, आणि मी ते पुन्हा वाजवलं.

तार परत पेटीत खोचली आणि आम्ही वाट बघत राहिलो.

काही नाही. पडदा कोरा. डॉक्टरीणबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, जगातलं सगळं शिकून झालेल्या माणसाचे ते हात, आणि त्यांना करायला आता काही उरलं नव्हतं. कोणाला कोणाकडे बघवेना. मी त्या जुन्या सर्व्हरला टेकून उभा होतो. सकाळपासून त्याची वीज काढलेली, आतून रिकामा, गार पडलेला. आणि मला पाठीला जाणवलं, की त्याची डिस्क एकदा फिरली. थांबली. मग एका दमात काहीतरी लिहिल्यासारखी कुरकुरली.

मी वळून पडद्याकडे पाहिलं. मेल आला होता. मुलगी. रडतेय.

साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हिशेबाच्या बाईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा रडायला घेतलं. डॉक्टरीणबाई उठल्या, माझ्यासमोर आल्या, आणि मला वाटलं, आता ह्या काहीतरी म्हणणार. त्यांनी फक्त माझ्या ओठांना लावायला कापूस दिला.

इथे मी थांबलो. भाचीचे डोळे भरले होते, दरवेळी ऐकते आणि दरवेळी भरतात. जावईबापू तर माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जणू मी अजून शिट्टी मारतोय. त्यांनी बायकोचा हात धरला होता, सासऱ्यांसमोर धरला होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. मला वाटलं, लोखंड तापलंय, एक शेवटचा घाव घालून टाकावा. मी म्हटलं, खोटं वाटत असेल तर विचारा दाजींना, त्यांच्या डोळ्यांदेखत ते पत्र पडद्यावर उमटलं की नाही, आणि त्यातलं शब्द न् शब्द त्यांनी ताईला वाचून दाखवलं की नाही.

दाजींनी हसून मान डोलवली.

"खोटं बोलतोयस."

दारात ताई उभी होती. घड्या घातलेल्या कपड्यांची चवड छातीशी, हनुवटी तिच्यावर टेकलेली. केव्हाची उभी होती कोण जाणे.

"बाकीचं सगळं मी चालवून घेतलं," ती म्हणाली. "केबल फुगली, ते घेतलं. साहेबांची टोपी घेतली, त्यांनी कधी घातली नव्हती तरी. पण डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं नाही. जुनीच येत होती, ही जन्मल्यावरसुद्धा येत होती. आणि ह्यांना काय विचारतोस, हे शेवटी डोळे मिटून भिंतीला टेकले होते. नाळ गळ्यात आहे हे मला कोणी कळवलं नाही. ती माझ्या हाताला लागली, आणि मी सोडवली."